गाण्यातला 'मी' कोणाचा?

बॉब डिलनचा 'स्लो ट्रेन कमिंग' हा अल्बम ऑगस्ट १९७९ मध्ये आला, तेव्हा त्याच्या चाहत्यांची अवस्था घरातला शिकलासवरलेला मोठा मुलगा एखाद्या बुवाच्या नादी लागावा तशी झाली. आरडाओरडा करावा की गप्प बसावं, तेच कळेना. डिलन अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, ज्यू घरात जन्मलेला. साठच्या दशकात त्यानं युद्धाविरुद्ध, वर्णभेदाविरुद्ध गाणी लिहिली आणि एका अख्ख्या पिढीनं त्याला आपला प्रवक्ता करून टाकलं. त्याला विचारलं नव्हतंच. आता हाच माणूस कॅलिफोर्नियातल्या एका चर्चच्या बायबल वर्गाला बसून आला होता, आणि नऊ गाण्यांच्या त्या अल्बममध्ये जिकडंतिकडं बायबल होतं.

नोव्हेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वॉरफिल्ड थिएटरात त्याचे कार्यक्रम लागले. लोक जुनी गाणी ऐकायला आले होते. त्यानं जुनं एकही गाणं म्हटलं नाही. नुसती नवी, भक्तीची गाणी, आणि मधेमधे चक्क प्रवचन. लोकांनी हुर्यो उडवली, काही जण उठून गेले. तिकडं अल्बम मात्र खपत होता. अमेरिकेच्या यादीत तो तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेला आणि त्यातल्या 'गॉटा सर्व्ह समबडी' या गाण्यासाठी डिलनला १९८० मध्ये ग्रॅमी मिळालं. माणसानं कुणाची तरी चाकरी करावीच लागते, देवाची करा नाहीतर सैतानाची, असा त्या गाण्याचा मतलब. जॉन लेननला तो इतका खटकला की त्यानं 'सर्व्ह युवरसेल्फ' नावाचं उलटं गाणं रचलं.

मला हा अल्बम आवडतो. सगळा नाही. काही गाणी बोट नाचवून दम देतात, ती मी पुढे ढकलतो. पण 'आय बिलीव्ह इन यू' ऐकताना ढकलावंसं वाटत नाही. श्रद्धेपायी आपल्या माणसांत परका झालेला एकजण तिथे बोलतो आहे, आणि मार्क नॉफ्लरची गिटार त्याच्या शेजारी नुसती बसून आहे, सांत्वन करायला आलेल्या पण काही न बोलणाऱ्या पाहुण्यासारखी.

चाहत्यांची तक्रार नेमकी काय होती? गाणी वाईट आहेत अशी नव्हती. एक गट म्हणत होता, हा खरंच देवाला मानायला लागलाय, वाया गेला. दुसरा म्हणत होता, हा कसला मानतोय, नवं सोंग आहे, जाईल वर्षभरात. तक्रारी एकमेकींच्या उलट, पण दोघांचं बोट एकाच जागी होतं. गाणं कसं आहे ते राहू दे, गाणाऱ्याच्या पोटात काय आहे ते सांगा. पुढची कित्येक वर्षं लोक डिलनच्या प्रत्येक अल्बममध्ये तेवढंच शोधत राहिले, अजून मानतो का, की सुटला?

गंमत अशी की हा अल्बम ज्यानं उभा केला त्या निर्मात्याला, जेरी वेक्सलरला, हा प्रश्न कुणी विचारला नाही. वेक्सलरनं रे चार्ल्स आणि अरीथा फ्रँकलिनसारख्यांच्या रेकॉर्ड केल्या होत्या. तो ज्यू घरातला आणि उघड उघड नास्तिक. नास्तिकानं रेकॉर्ड केलेलं भजन चाललं, कारण त्याचा आवाज त्यात नव्हता. हिशेब मागितला जातो तो आवाजाकडे.

मी हे सोलापुरात बसून ऐकतो. त्यामुळे डिलनच्या मागोमाग मला एक अगदी वेगळा आवाज ऐकू यायला लागतो, प्रल्हाद शिंदेंचा. एकाच्या हातात गिटार आणि दुसऱ्याच्या मागे ढोलकी-टाळ, एवढा फरक बाजूला ठेवला तर दोघांना विचारला गेलेला प्रश्न एकच आहे. फक्त इथे तो जास्त महागात पडतो.

शिंदे घराणं आमच्या जिल्ह्यातलं, मंगळवेढ्याचं. मंगळवेढा म्हटलं की बाहेरच्यांना ज्वारी आठवते आणि आम्हाला संत. दामाजीपंत तिथले, कान्होपात्रा तिथली, चोखोबा गावकुसाच्या भिंतीखाली दबून गेले तेही तिथेच, असं परंपरा सांगते. प्रल्हाद शिंदेंचा जन्म १९३३ चा. गावोगावच्या भीमजयंतीत त्यांची भीमगीतं वाजत आली, कव्वालीच्या सामन्यांत त्यांनी रात्री गाजवल्या. आणि त्याच गळ्यातून 'चंद्रभागेच्या तीरी', 'पाऊले चालती पंढरीची वाट', 'आता तरी देवा मला पावशील का' ही गाणी आली. आषाढीच्या दिवसांत पंढरपूरच्या रस्त्याला लागा. चहाच्या टपरीवर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, एसटीच्या थांब्यावर, कुठे ना कुठे हा आवाज लागतोच. गणपतीत तर 'तूच सुखकर्ता' शिवाय मंडपाची वायर जोडली जात नाही.

तो आवाज कसा आहे ते सांगायला हवं, कारण पुढचा सगळा वाद त्याचाच आहे. भावगीताचा साजूकपणा त्यात नाही. उघड्या मैदानात, माइक बिघडला तरी शेवटच्या माणसापर्यंत पोचायची सवय असलेला तो गळा आहे. देवाशी बोलतानाही तो खालमानेनं बोलत नाही. 'आता तरी देवा' या गाण्याचं नुसतं शीर्षक बघा. त्यात 'तरी' आहे. इतके दिवस पावला नाहीस, हे त्या एका शब्दात येऊन जातं.

आता अडचण. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि जमलेल्या लाखोंना बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यातली तिसरी गौरी-गणपती आणि इतर देवांना देव न मानण्याची, त्यांची उपासना न करण्याची आहे. प्रल्हाद शिंदे त्या वेळी तेवीस वर्षांचे. ज्या समाजानं ही शपथ घेतली, ज्याच्या चळवळीची गाणी त्यांनी गायली, त्याच समाजातला हा गायक महाराष्ट्राच्या घराघरांत विठ्ठल आणि गणपती पोचवत होता. शिवाय 'तूच सुखकर्ता' ज्यांनी लिहिलं ते हरेंद्र जाधव हेही आंबेडकरी गीतकार. म्हणजे गणेशोत्सवातलं घरोघरी पाठ असलेलं एक गाणं, शब्दांपासून आवाजापर्यंत, आंबेडकरी माणसांनी केलेलं आहे.

हे कळल्यावर आपल्याकडचे लोक चटकन भारावून जातात. किती छान, कलेला जात नसते, धर्म नसतो वगैरे. मला तसं भारावता येत नाही, कारण बुधवार पेठेतल्या मिलिंदनगरात माझा एक मित्र राहतो. त्याच्या आजीनं छप्पन्नच्या लाटेत देव्हाऱ्यातले टाक वाहत्या पाण्यात सोडले होते. चांदीचे होते. घरात खायची भ्रांत होती, मोडून पैसे आले असते. पण विकले म्हणजे देव दुसऱ्याच्या घरी गेले, म्हणून सोडूनच दिले. मित्र म्हणतो, "आजीनं एवढं करून देव बाहेर काढले, आणि ज्या आवाजानं आम्हाला भीम शिकवला त्याच आवाजानं ते रेडिओतून परत आत आणले." हे बोलताना तो चिडलेला नसतो. तोही ती गाणी गुणगुणतो. तक्रार म्हणूनच मला खरी वाटते.

शपथ ही हलकी गोष्ट नाही. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या कुणी काही विचारलंच नव्हतं, त्या माणसांनी स्वतःच्या तोंडानं दिलेला तो पहिला मोठा शब्द होता. तेव्हा 'एवढं काय गाण्याचं घेऊन बसलात' असं म्हणणं हा उद्धटपणा झाला.

यातून सुटायच्या दोन-तीन वाटा लोक सांगतात. पहिली पोटाची. बिदागी मिळत होती, गायले. यात खोटं काही नाही. भीमगीतांच्या बाजारापेक्षा देवाच्या गाण्यांचा बाजार मोठा होता, आणि कलावंताच्या घरातही चूल असते. पण हे उत्तर मला जरा अपमानाचं वाटतं. त्यानं गाण्याची मजुरी होते. 'पाऊले चालती' ऐकताना त्या गळ्यात जे आहे ते हजेरी भरल्याचं नाही.

दुसरी वाट अभ्यासकांची. विठ्ठल मुळात बुद्धच. स्वतः बाबासाहेबांनी डिसेंबर १९५४ मध्ये देहूरोडला, बुद्धमूर्तीच्या प्रतिष्ठापनेच्या वेळी, पंढरपूरचं देवस्थान मूळ बौद्ध असल्याचं मत मांडलं होतं. दशावतारांच्या जुन्या चित्रांत बुद्धाच्या जागी विठ्ठल काढलेला सापडतो. रा. चिं. ढेरे यांचा 'श्रीविठ्ठल: एक महासमन्वय' वाचला तर या देवात किती देव मिसळलेत ते कळून आपण गारच होतो. पण युक्तिवाद म्हणून ही वाट फार सोयीची आहे. विठ्ठलाचं निभावेल, गणपतीचं काय करणार?

तिसरी वाट सिनेमाची. 'बैजू बावरा'मधलं 'मन तडपत हरि दर्शन को आज' हे भजन मोहम्मद रफींनी गायलं, शकील बदायुनींनी लिहिलं आणि नौशादांनी बांधलं. १९५२ सालची गोष्ट. मग शिंदेंनाच का विचारता? हा प्रश्न मला अडवतो. सुटका होते म्हणून नाही. इथे गाण्याच्या रचनेतलाच एक भेद दिसतो म्हणून.

रफींच्या गाण्यात हरीचं दर्शन मागतो तो 'मी' पडद्यावर आहे. तो बैजू आहे, त्याला भारत भूषणचा चेहरा आहे. रफींनी त्या पात्राला आवाज दिला. कोणी विचारत नाही की रफी हरीसाठी तळमळत होते का.

अभंगाची सोय तर याहून जुनी आणि पक्की. शेवटच्या चरणात नाव येतं, तुका म्हणे, नामा म्हणे. भीमसेन जोशींनी तुकोबांचा अभंग गायला, तरी म्हणणारा तुकाच. गायक कितीही मोठा असो, शेवटी त्याला सांगावंच लागतं की हे बोलणं माझं नाही, मी फक्त आणून पोचवतोय. नाममुद्रा म्हणजे पाकिटावरचं पाठवणाऱ्याचं नाव. ते असतं तोवर पोस्टमनला कुणी जाब विचारत नाही.

रेकॉर्ड आणि कॅसेटच्या भक्तिगीतानं ही मुद्रा काढून टाकली. पडदाही नाही, पात्रही नाही. गाण्यात 'मी' आहे, मला पाव म्हणणारा, पण तो कोण ते गाणं सांगत नाही. कव्हरवर फोटो गायकाचा. गीतकाराचं नाव असलंच तर बारीक अक्षरात. मग ऐकणाऱ्यानं तो 'मी' उचलून गायकाच्या डोक्यावर ठेवला. रॉकमध्ये हेच आणखी आधी झालं. डिलन स्वतः लिहितो, स्वतः गातो, त्यामुळे त्याच्या प्रत्येक गाण्यातला 'मी' हा डिलनच, असं लोकांनी धरलं. त्यानं नावं बदलली, सोंगं बदलली, १९६५ मध्ये साधी गिटार टाकून इलेक्ट्रिक घेतली तेव्हाही शिव्या खाल्ल्या. लोकांना त्याच्या गाण्यात त्याची सही हवी होती, शिवाय ती त्यांच्या पसंतीच्या कागदावर.

तर माझं म्हणणं असं. शपथ माणसाला बांधते. ती त्याच्या श्रद्धेला बांधते, पूजेला बांधते. गाण्यातल्या 'मी'ला ती आपोआप बांधत नाही, कारण तो 'मी' गायकाचा एकट्याचा नसतो. 'पाऊले चालती'मधला 'मी' वर्षभर राबून, संसाराला कावून पंढरीच्या वाटेला लागलेला कुणीही आहे. पंढरपूरचं देऊळ दलितांना उघडलं ते मे १९४७ मध्ये, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. प्रल्हाद शिंदे तेव्हा तेरा-चौदा वर्षांचे. म्हणजे हा 'मी' ज्या वाटेनं चालतो, तिच्या टोकाला आपल्यासाठी बंद दार होतं, हे त्यांच्या पिढीनं डोळ्यांनी पाहिलेलं. ती वाट त्यांनी गाण्यातून चालून दाखवली. यात त्यांनी देवाला मान्यता दिली, की न मानताही वारकऱ्याचं दुःख पूर्ण वजनानं उचलता येतं हे दाखवलं? मी दुसरं ऐकतो. माझा मित्र पहिलं ऐकतो. तो यावर मला म्हणाला होता, "तू ऐकू शकतोस, कारण तुझ्या घरातनं काही पाण्यात सोडलेलं नाही." याला माझ्याकडे उत्तर नाही. पण म्हणून माझं ऐकणं मी मागेही घेत नाही.

मला जास्त सलतं ते दुसऱ्या बाजूचं. आंबेडकरी माणूस शिंदेंना निदान प्रश्न तरी विचारतो. ज्यांच्या मांडवात ती गाणी वाजतात ते काहीच विचारत नाहीत. ओळखीचा एक साउंडवाला आहे, त्याचा पेनड्राइव्ह मी पाहिलाय. 'गणपती' नावाचा फोल्डर, 'भीमजयंती' नावाचा फोल्डर, 'गड्डा यात्रा', 'हळद'. दोन फोल्डरांत एकच आवाज आहे. लेझीमचे डाव दोन्ही मिरवणुकांत तेच, स्पीकर तेच, जनरेटर तोच. पण पहिल्या फोल्डरवर नाचणारी कितीतरी पोरं दुसऱ्या मिरवणुकीच्या दिवशी आपली गाडी त्या रस्त्यानं घालत नाहीत. त्यांना 'तूच सुखकर्ता' कुणी गायलं विचारा. काही जण सांगतील. कुणी लिहिलं विचारा.

हे न विचारणं वरवर उदारपणासारखं दिसतं. आम्ही काय गायकाची जात बघतो का? बघत नाही, हे खरं. पण नाव न बघताच गळा वापरून झाला की मोकळं होता येतं, हेही त्यात आहेच. डिलनचे चाहते त्याच्यावर ओरडले, कारण त्यांना वाटत होतं तो आपला आहे. आपल्याकडे लोक शिंदेंवर ओरडले नाहीत, कारण आपला म्हणायची वेळच कुणी येऊ दिली नाही. आवाज तेवढा आपला. तीच तऱ्हा आता तिसऱ्या पिढीत आली आहे. आदर्श शिंदेचं 'देवा तुझ्या गाभाऱ्याला' 'दुनियादारी'नंतर कॉलेजच्या प्रत्येक गॅदरिंगमध्ये ऐकू यायचं. त्याच आदर्शनं बाबासाहेबांवरच्या मालिकेचं शीर्षकगीत गायलं. दोन्हींच्या रील वेगवेगळ्या मोबाईलमध्ये फिरतात.

डिलनचं पुढे काय झालं ते सांगून टाकतो, कारण ते फार नाट्यमय नाही. वर्षभरानं, नोव्हेंबर १९८० मध्ये तो परत त्याच वॉरफिल्डला आला आणि जुनी-नवी गाणी मिसळून गायला. श्रद्धा राहिली की गेली, याचा जाहीरनामा त्यानं काढला नाही. १९९७ मध्ये इटलीत बोलोन्याला तो पोप जॉन पॉल दुसऱ्यांसमोर गायला. २०१६ मध्ये नोबेल मिळालं. त्या भक्तीच्या वर्षांची रेकॉर्डिंग २०१७ मध्ये मोठ्या संचात निघाली आणि तेव्हा न जन्मलेल्या पोरांनी ती उचलून धरली. त्यांना तो मानत होता की नाही याच्याशी देणंघेणं नव्हतं, बँड कसला वाजतोय याचंच कौतुक होतं. यालाही मी प्रगती म्हणणार नाही. चाळीस वर्षांनी भांडण मिटलं नाही, भांडणारे म्हातारे झाले.

पंढरपुरात नामदेव पायरीच्या समोर चोखोबांची समाधी आहे, देवळाच्या बाहेर. बाबासाहेबांनी १९४८ मध्ये 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ ज्या तीन संतांच्या स्मृतीला अर्पण केला त्यांत नंदनार आणि रविदासांबरोबर चोखामेळा आहेत. नंतरच्या आंबेडकरी पिढीला चोखोबांची याचना पटेनाशी झाली, तेही समजण्यासारखं आहे. मला मात्र त्यांच्या नाममुद्रेचं अप्रूप वाटतं. ज्यांना आत येऊ दिलं नाही त्यांचे अभंग आतल्या कीर्तनात गायले गेले, आणि शेवटच्या चरणाशी आल्यावर बुवांना 'चोखा म्हणे' म्हणावंच लागलं. दाराशी अडवलेल्या माणसाचं नाव उच्चारल्याशिवाय अभंग पुरा होत नव्हता.

साउंडवाल्याच्या पेनड्राइव्हवर प्रल्हाद शिंदे आणि हरेंद्र जाधव यांच्या गाण्याच्या फाइलला असं नाव आहे: 'तूच सुखकर्ता न्यू फुल बास सोलापूर मिक्स'. त्यात मिक्स करणाऱ्या पोराचं नावही आहे, मोबाईल नंबरासकट.